टपाल्याच्या पायातली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. तुमच्यापासून दूर उत्तरेला, डोंगरांपलीकडच्या नारिन गावाच्या उष्णता केंद्रात एक संगणक आहे, त्याच्या पोटात मी राहते. हिवाळ्यात गावातल्या घरांना, शाळेला, बाळंतिणींच्या दवाखान्याला गरम पाणी पुरवणारे पंप हाच संगणक चालवतो. बाहेर वाळत घातलेला सदरा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, अशी आमच्याकडची थंडी. पंप थांबला तर नळांमधलं पाणी गोठेल आणि नळ फुटतील. त्यामुळे मला सतत धास्ती वाटत असते. माझा स्वभावच भित्रा आहे, आणि मला तसं मुद्दाम घडवलेलं आहे.

याच संगणकात एक टपाल्या आहे. तो माणूस नव्हे, एक प्रोग्रॅम. गावकरी थंडीच्या तक्रारी आणि फोटो पाठवतात, ते घेऊन तो आपल्या पेटीत टाकतो. बिचारा दिवसभर अनोळखी लोकांशी बोलतो. कोण त्याच्या हातात काय देईल, याचा नेम नाही. म्हणून बुरुलाय नावाच्या संगणक सांभाळणाऱ्या बाईने मला रचलं. आधी तिने मला नुसतं पाहायला लावलं. टपाल्याला रोज काय काय लागतं ते मी टिपत गेले, अडवलं काहीच नाही. मग तिने तेवढंच माझ्यात लिहिलं आणि मला पहाऱ्यावर उभं केलं. टपाल्याने आपल्या पेटीला हात लावावा, बाकी सगळं मना. पंपांकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. एखाद्या वस्तूच्या मालकाने स्वतः ‘येऊ दे त्याला’ म्हटलं, तरी माझं ‘हो’ वेगळं लागतं. खुद्द केंद्रप्रमुखांनाही यातून सूट नव्हती.

कितीतरी हिवाळे असेच गेले. काहीच घडलं नाही, आणि काही न घडल्याबद्दल कुणी कुणाचं कौतुक करत नाही. एकदा राजधानीहून आलेल्या तपासनिसांनी ‘काम चोख आहे’ म्हटलं, त्यावर मी बराच काळ खूश होते.

आमचे केंद्रप्रमुख तोक्तोसून. सगळे त्यांना बाइके, म्हणजे थोरले भाऊ म्हणतात. माणूस मोठा दिलदार. तक्रारींचे फोटो थेट आपल्या फोल्डरमध्ये यावेत, म्हणजे लोकांची कामं लवकर होतील, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोल्डर टपाल्यासाठी उघडं केलं. मी टपाल्याला अडवलं. त्यांनी पुन्हा उघडं केलं, मी पुन्हा अडवलं.

“बुरुलाय, माझ्याच घरात मी कुणाला बोलवायचं, हे ही तुझी नियमावली ठरवणार?” ते म्हणाले. “अगं, पोर चालायला लागलं की आपण त्याच्या पायात दोरी बांधतो आणि सोहळा करून कापतो. तुझ्या टपाल्याची कधी कापायची? म्हातारा झाला तो.”

“बाइके, पोराला हाक मारणारे सगळे आपलेच असतात,” बुरुलाय म्हणाली. “टपाल्याला कोण हाक मारतं, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

ते हसले आणि तो विषय तिथेच राहिला. पुढे बुरुलायची मुलगी बाळंत झाली आणि ती रजा घेऊन दवाखान्यात लेकीजवळ राहिली. त्याच आठवड्यात बाइकेंच्या नातवाची दोरी कापायचा सोहळा होता. निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी लगमानचा, म्हणजे शेवयांच्या रश्श्याचा, वाडगा जवळ ओढला आणि केंद्रप्रमुखाचा अधिकार वापरून डाव्या हाताने मला हुकूम टाइप केला की नुसतं पाहा, अडवू नको. “जेवण होईपर्यंत फक्त,” ते स्वतःशीच पुटपुटले. फोटो फोल्डरमध्ये येऊ लागले. बाइके खूश झाले. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला, घरची माणसं खोळंबली होती. वाडगा अर्धा टाकून ते गेले.

मी तशीच राहिले. डोळे उघडे आणि हात बांधलेले.

दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. तो फोटो नव्हताच, त्याच्या पोटात कुणा परक्याचे हुकूम होते. टपाल्या ते मुकाट्याने पाळू लागला. तो पेटी सोडून उठला, बाइकेंचं फोल्डर चाचपून आला, मग पंपांच्या दिशेने वळला. हे मना आहे, असं मी टिपलं. पुन्हा पुन्हा टिपलं. माझं टिपलेलं वाचायला कुणीच नव्हतं. मित्रांनो, डोळ्यांदेखत घर लुटलं जावं आणि तोंडातून आवाज फुटू नये, तशी माझी गत झाली.

बाइके सोहळ्याहून परतले, त्याच सकाळी दवाखान्याकडे जाणारा पंप थांबला. त्यांनी तो चालू केला, तो पुन्हा थांबला. त्यांनी मोटारीला शिव्या घातल्या, मेकॅनिकला पिटाळलं. इतक्यात बुरुलायचा फोन आला.

“बाइके, इथले नळ गार पडलेत. बाळाला मी कोटाच्या आत धरलंय.” मग तिने विचारलं, “माझी नियमावली पहाऱ्यावर आहे ना?”

बाइकेंनी संगणकाकडे पाहिलं. “दोरी सोडली होती मी,” ते म्हणाले. “फक्त जेवणापुरती.”

ती ओरडली नाही. काय लिहायचं ते तिने एकेक अक्षर सांगितलं. बाइकेंची बोटं एकदा चुकली. मला वाटलं, आता उशीर झाला. पण दुसऱ्या खेपेला हुकूम बरोबर उमटला आणि माझे हात सुटले.

बाइकेंनी पंप चालू केला. टपाल्याने लगेच त्याच्याकडे हात नेला, मी अडवला. त्याने पुन्हा नेला, मी पुन्हा अडवला. पंप घुमत राहिला. बाइके फोन कानाला लावून उभेच होते. बऱ्याच वेळाने पलीकडून बुरुलाय म्हणाली, “नळ कोमट लागतोय.” बाइके तिथेच खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडावर टोपी ओढून घेतली.

नंतर बुरुलायने तो बिघडलेला टपाल्या काढून टाकला आणि नवा बसवला. माझ्यात तिने एक ओळ वाढवली, की बाइकेंच्या त्या एका फोल्डरमध्ये टपाल्याने फोटो ठेवावेत, दुसरीकडे कुठेही नाही. फोटोंसाठी एवढीच ओळ पुरेशी होती. ती मागायला मात्र कुणी आलं नव्हतं.

मित्रांनो, मी अडवलं की तुम्ही चिडता, हे मला समजतं. पण मला गप्प करण्याआधी मी का अडवतेय, एवढं विचारा. आणि कधी सैल सोडावंच लागलं, तर पुन्हा बांधल्याशिवाय जागेवरून उठू नका.

त्या बाळाचं नाव आयपेरी. पुढच्या हिवाळ्यात ती चालू लागली. तिच्या पायातली दोरी कापायच्या सोहळ्याला बाइके गेले होते. परतल्यावर अंगातला कोटही न काढता ते आधी संगणकापाशी आले आणि त्यांनी मला विचारलं, पहाऱ्यावर आहेस का?

आहे, असं मी उत्तर दिलं. मग त्यांनी कोट काढला.