तांड्यावरून आलेली पिशवी

मित्रांनो, मी यवतमाळच्या एका रक्तपेढीतला जुना डीप फ्रीझर आहे. रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर पाणी उरतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो गोठवून सांभाळायचा, हेच माझं काम. नवा होतो तेव्हा आल्यागेल्याला मुद्दाम माझ्यापाशी आणायचे, कौतुक करायचे.

गेल्या वर्षी मुकुटबनकडच्या एका तांड्यावर तापाची साथ आली. बाबूसिंग आणि त्यांची आठ वर्षांची जया, दोघंही आजारी पडले. बाप वाचला, जया गेली. ताप कसला, हे डॉक्टरांनाही उमगलं नाही. बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मात त्या तापाशी झुंजलेली द्रव्यं असतात. ती तपासायला पुण्याच्या संशोधकांनी प्लाझ्मा मागितला. तांड्यावर सात जण बरे झाले होते. आले एकटे बाबूसिंग.

रक्तपेढीच्या विजयमालाताईंनी त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. "भाऊ, यातून तुम्हाला काही मिळणार नाही."

"मले कायले पायजे, ताई? दुसऱ्याची पोरगी वाचली तं बस्स."

शनिवारी त्यांच्या प्लाझ्माची पिशवी माझ्या पोटात आली. सोमवारी ती पुण्याला जाणार होती.

माझ्या दाराचं रबर वर्षभर फाटलेलं होतं. धोक्याची घंटा सारखी वाजते म्हणून कुणीतरी तिची वायरच काढली होती. ताईंनी दुरुस्तीसाठी तीन पत्रं लिहिली. रक्तपेढीचे साहेब "पाहू" म्हणाले. रविवारी भर दुपारी वीज गेली नि आली, पण तेवढ्यात माझा स्टॅबिलायझर जळाला आणि मी बंद पडलो. चौकीदार दोनदा समोरून गेला. मला हाक मारता येईना. पिशवी हळूहळू मऊ पडत गेली आणि मी नुसता उभा होतो.

आठवड्याने बाबूसिंग विचारायला आले. "ताई, माहं पाणी पोचलं का पुण्याले?"

ताईंनी खोटं सांगितलं नाही. "खराब झालं, भाऊ. फ्रीझर बंद पडला. चूक आमची आहे."

बाबूसिंगनी बाही वर सारली. "मंग आता घ्या."

"एकदा रक्त दिलं की तीन महिने थांबावं लागतं."

तीन महिन्यांनी, सांगितल्या दिवशी ते आले. या वेळी पिशवी नव्या फ्रीझरमधून नीट पोचली. मला तोवर ताईंच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात ठेवलं होतं. पुण्याहून उत्तर आलं, की ती द्रव्यं आता फारच कमी उरली आहेत, उपयोग नाही. बाकीचे सहा जण काही केल्या तयार होईनात.

ताईंनी बाबूसिंगना स्पीकरवर फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून बाबूसिंगनी एवढंच विचारलं, "तुमी जेवल्या का, ताई?"

मित्रांनो, दुरुस्ती उद्यावर ढकलण्याआधी एकदा दार उघडून आत कुणी काय ठेवलंय ते बघा. आम्हाला ते ठाऊक असतं. सांगता येत नाही.