पेपरातली मिशी

पेपर गावात आला मंगळवारी दुपारच्या यष्टीनं, आणि दिवेलागणीपर्यंत चार जण गोजरबाईच्या अंगणात येऊन भांडून गेले. पारनेर तालुक्यातल्या त्या खडकाळ कोपऱ्यात, चिंचमाळसारख्या गावात, पेपर वाचून भांडणारी चार माणसं निघावीत हेच मुळात नवल. पण हा पेपर वाचायचा नव्हताच, बघायचा होता.

गोजरबाईची थोरली पोर राही दहावीत होती आणि हायस्कुलाच्या खो-खो संघात पळायची. पळायची म्हणजे काय, खांबाला वळसा घालून अशी झेप टाकायची की बघणाऱ्यानं डोळेच मिटून घ्यावेत. संक्रांतीच्या आठवड्यात नगरला जिल्ह्याचे सामने झाले आणि चिंचमाळच्या पोरींनी शहरातल्या शाळांना धूळ चारून ढाल आणली. इथवर सगळं गुळासारखं गोड. पण पेपरात ढालीचा फोटो आलाच नाही. आला तो पोरी ज्या वर्गखोलीत उतरल्या होत्या तिथला. राहीनं ढालीवरचं फडकं पागोट्यासारखं डोक्याला गुंडाळलेलं, ओठावर कोळशाची ही एवढी मिशी. पोट पुढं, हनुवटी वर, डावा हात कमरेवर, उजवा हात कानापाशी उचललेला. तिच्यापुढं एक पोर गुडघ्यावर बसून हात जोडतेय आणि बाकीच्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्यात. खाली छापलं होतं, 'विजयी मुलींची मौज'.

पहिले आले सरपंच आप्पासाहेब. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच.

"वैनी, पोरीनं माजी नक्कल केलीया. ढळढळीत."

"तुमची कशावरनं?" गोजरबाईनं विचारलं.

"ही हनुवटी बघा की. झेंडावंदनाला मी हुबा ऱ्हातो तवा अशीच असती."

आप्पासाहेबांची पाठ वळते न वळते तोच तलाठी भाऊसाहेब सायकल टेकवून उभे. "बाई, ही सरकारी माणसाची टिंगल आहे. ही हात जोडून बसलेली मुलगी सातबाराचा उतारा मागतेय, दिसत नाही?" मग मारुतीच्या देवळाचा भिमाजी गुरव आला, त्यानं फोटोतल्या पोटावर बोट ठेवलं. शेवटी शेजारची लंकाबाई धावत आली. "अगं गोजरे, आमच्या मालकांची मिशी पेपरात आली गं!" तिला राग आला होता की आनंद झाला होता, हे काही नीट कळेना.

गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण डोकं जागेवर होतं. एक पोर, एक मिशी, आणि मालक चार! तिला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात नवरा रानातून आला. गहिनीनाथानं पेपर दिव्यापाशी धरला, बराच वेळ बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ह्यो मी हाय," तो म्हणाला. "बाप ऱ्हायला हुता व्हय नक्कल करायला?"

झाले पाच.

राहीला पुढ्यात उभं केलं. "कुनाची नक्कल केलीस?" बाप विचारतो, पोर गप्प. "आप्पासायबाची?" मान हलली, न्हाई. "भाऊसायबाची?" न्हाई. "माजी?"

"न्हाई, दादा. एकाच मानसाची हाय. पन नाव सांगनार न्हाई."

"का?"

"त्या मानसाला लोक हसतील."

झालं! गावभर हसून झालं होतं आणि ही आता अब्रू राखतेय. गहिनीनाथ भडकला. शुक्रवारी सकाळच्या यष्टीनं संघ पुण्याला विभागाच्या सामन्यांना निघायचा होता, आणि शाळेनं संमतीचा कागद दिला होता, त्यावर बापाची सही पाहिजे. त्यानं कागद घडी घालून बंडीच्या खिशात घातला. बेस्तरवारी दहा वाजता शाळेत आप्पासाहेबांसमोर नाव सांगायचं, ज्याची नक्कल केली त्याच्या पाया पडायचं, तर सही. "न्हाईतर पुनंबी बंद आन साळाबी बंद," तो म्हणाला. गहिनीनाथ तसा दुष्ट माणूस नव्हता. पण चारचौघांत हसं झालं की भला माणूसही आडवा जातो.

गोजरबाईला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुष्काळात दोन वर्षं मायलेकींनी सडकेवर खडी फोडली होती. तेरा वर्षांची पोर ऊन डोक्यावर घेऊन हातोडा मारायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. ती हसायचंच विसरली असं गोजरबाईनं मनात धरून ठेवलं होतं. खो-खोनं ती परत हसायला लागली. आता ते तोडायचं म्हणजे काय? पोर पुण्याला गेलीच पाहिजे, एवढं तिचं पक्कं झालं. आणि त्यासाठी ती मिशी कुणाची, हे शोधून काढलं पाहिजे.

बुधवारी सकाळी खो-खोच्या बाई, शोभाबाई, आल्या. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या.

"चूक माझी आहे हो," त्या म्हणाल्या. "ढालीसकट फोटो काढायला मीच पेपरच्या फोटोवाल्याला बोलावलं. तो काढून झाल्यावर रीळ संपलं म्हणाला, म्हणून मुली मोकळ्या झाल्या. मी पाण्याची घागर बघायला गेले, दार उघडं राहिलं, आणि त्याच्याकडे एक फोटो शिल्लक होता."

"पोरींना इचारलं का त्यानं?"

"नाही."

"मंग पाया त्यानं पडाया पायजेत की वो!" गोजरबाई उसळली. "आन गेल्या यात्रंला पैलवान लंगोटावर एकमेकाला उलटंपालटं करीत हुतं, त्येंचा फोटू आप्पासायबांनी काच बसवून पंचायतीत टांगलाय. त्येंची ती मर्दुमकी, आन आमच्या पोरी आंगभर कापडात हसल्या तर बेअब्रू?"

शोभाबाईंनी मान डोलावली. "खरं आहे. पण त्या पैलवानांना फोटोवाला समोर दिसत होता. मुलींना माहीत नव्हतं. मला तेच लागून राहिलंय."

हे गोजरबाईला पटलं. बघणारा दिसत असला तर माणूस वेगळा उभा राहतो, कोणी बघत नसलं तर वेगळा. म्हणजे या फोटोत पोर खरीखुरी आहे. तिनं पेपर परत डोळ्याशी नेला आणि पहिल्यांदाच तो उजवा हात नीट बघितला.

"बाई, हिच्या हातात काय हाय?"

"काही नाही. मिशी पिळत असेल."

"मिशी हितं, हात कानापाशी. कानाची मिशी पिळतिया व्हय? आन ही दोन बोटं बघा, चिमटीत कायतरी धरल्यावानी."

त्या चिमटीनं गोजरबाईला झपाटलंच. दिवसभर ती गावातून हिंडली ती पुरुषांच्या हातांवर डोळा ठेवून. आप्पासाहेबांचे दोन्ही हात कायम पाठीमागं. भाऊसाहेबांचा हात कानापाशी जातो खरा, पण तो कानावरचं पेन काढायला, आणि त्यांना पोटच नाही. भिमाजीला पोट आहे, पण हनुवटी छातीत रुतलेली. नवऱ्याचा हात मिशीपर्यंत जातो, कानापर्यंत पोचत नाही. लंकाबाईचा नवरा खाटेवर पडलेला होता, त्याच्या पायथ्याशी गोजरबाई इतका वेळ उभी राहिली की तो दचकून उठून बसला. "काय पायजे, वैनी?" "काय न्हाई, हात बगत हुते," म्हणाली आणि चालती झाली. तो बिचारा दिवसभर आपलेच हात उलटेसुलटे करून बघत बसला.

प्रत्येकात थोडं थोडं होतं. पुरतं कुणातच नव्हतं. आणि सारखं वाटत होतं, हे सोंग आपल्या ओळखीचं आहे. पण कुणाचं, ते काही केल्या आठवेना.

बेस्तरवारी तांबडं फुटताच ती रानात गेली. मुलूख बुडाला तरी ज्वारी राखायला पाहिजेच. दुष्काळ सरून आलेलं ते पहिलं पीक, कणसं दुधात आलेली, आणि पाखरांनी तर जेवणावळ मांडलेली. गोजरबाई राखणीच्या माळ्यावर चढली. उन्हाला म्हणून नवऱ्याचं जुनं पागोटं तिथं खुंटीला असायचं, ते रोजच्यासारखं डोक्याला गुंडाळलं. गोफणीचा एक पदर बोटात अडकवला, दुसरा चिमटीत धरला, खळग्यात खडा ठेवला.

चिमण्यांचा थवा उतरला. आणि रोजच्या सवयीनं गोजरबाईच्या तोंडून निघालं, "काय गं ए, अर्ज आनलाय का? बिगरअर्जाची कनसं खाताय! भाऊसाहेब दौऱ्यावर गेल्यात, उंद्या या!" तिथं कोण बघणार होतं? त्या माळ्यावर ती रोज तलाठी व्हायची, रोज सरपंच व्हायची. पोट पुढं काढून भिमाजीसारखा पाखरांना अंगारा द्यायची, गहिनीनाथासारखी मिशीवर ताव देऊन साळुंक्यांना दम भरायची. दोन वर्षं ज्यांच्यापुढं हात जोडून उभं राहावं लागलं, ते सगळे तिनं एका पागोट्यात बांधून टाकले होते. गावात चारचौघांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, पण पाखरांना सगळं गाव तोंडपाठ होतं.

तिनं डावा हात कमरेवर ठेवला. हनुवटी वर केली. गोफण डोक्याभोवती गरगरली आणि सोडायच्या वेळी उजवा हात कानापाशी आला.

तो तिथंच राहिला.

खडा पायापाशी पडला. गोजरबाईनं हळूच डोळे तिरके करून स्वतःचा हात बघितला. दोन बोटं, चिमटीत. अगं बया! घरातला आरसा तळहाताएवढा, कुंकवापुरता. स्वतःला अशी उभी तिनं जन्मात बघितली नव्हती. म्हणून ओळख पटत नव्हती. भाकरी घेऊन पोर रोज बांधावरून यायची. ज्वारीत उभी राहून किती दिवस बघत होती कुणास ठाऊक. आणि परवापासून बापाची बोलणी खातेय, पुणं हातचं घालवतेय, तोंड उघडत नाही. 'त्या मानसाला लोक हसतील.'

गोजरबाई आधी हसली, मग तिथंच माळ्यावर बसून रडली. मग सूर्य बघितला आणि उठली. दहा वाजत आले होते.

शाळेच्या ओट्यावर आप्पासाहेब खुर्चीत होते. बाजूला भाऊसाहेब, भिमाजी, गहिनीनाथ. मैदानात निम्मं गाव. राही खाली मान घालून उभी आणि तिच्यामागं संघाच्या पोरी, जणू त्यांचीच ढाल कोणी काढून नेतंय.

"शेवटचं इचारतो," आप्पासाहेब म्हणाले. "कोन हाय त्यो मानूस?"

"मी हाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. डोक्याला पागोटं, हातात गोफण, पाय धुळीनं भरलेले. गोजरबाई धापा टाकत ओट्यावर चढली.

"अगं, हे काय सोंग?" गहिनीनाथ उठलाच.

"तेच तर सांगाया आले. पोरीनं माजी नक्कल केली. मी माळ्यावर अशी हुबी ऱ्हाते." तिनं कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली, पोट पुढं काढलं आणि गोफणीचा हात कानापाशी नेला. "बगा ताडून पेपराशी."

शोभाबाईंनी पेपर उघडला आणि त्यांच्या तोंडून "अगंबाई!" एवढंच निघालं. बोट न् बोट जुळत होतं. बायांच्या घोळक्यात एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग कुणाचं कुणाला आवरेना.

"आन मिशी?" भिमाजीनं विचारलं.

"मिशीबी माजीच."

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "वैनी, पन तुमी माळ्यावर नक्कल कुनाची करता?"

गोजरबाईनं ओट्यावरच्या एकेका माणसाकडं बघितलं.

"ते मी कशाला सांगू? ज्यानं त्यानं आपापलं वळखलंयच की. घरी येऊन सांगून गेलात." भाऊसाहेब घसा खाकरून झाडाकडं बघायला लागले. गोजरबाई पुढं बोलली, "आन माळ्यावरची गंमत माजी आन पाखरांची हुती. खोलीतली गंमत पोरींची हुती. ज्यानं बिगर इचारता दारातनं फोटू काढला, त्याला कुनी बोलावलं न्हाई हितं. पुन्यात कुनी फोटोवाला आला तर त्याला सांगा बाई, आदी इचार. पोरी व्हय म्हनल्या तर खुशाल काड."

"अट मात्र अट हाय," आप्पासाहेब म्हणाले. त्यांना काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"व्हय तर! अट काय हुती? ज्याची नक्कल केली, त्याच्या पाया पडायचं. राहे, ये. पड पाया."

राही ओट्यावर आली. वाकली. आईच्या धुळीनं भरलेल्या पायांवर तिनं डोकं टेकलं आणि उठेचना.

"आय," ती पायांशीच पुटपुटली, "मी सांगनार नव्हते गं."

"ठावं हाय," गोजरबाई म्हणाली. "म्हनून तर पळत आले."

गहिनीनाथानं बंडीच्या खिशातून कागद काढला, भाऊसाहेबांच्या कानावरचं पेन मागून घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश एकेक अक्षर जोडत सही केली. कागद शोभाबाईंच्या हातात दिला. मग बायकोच्या डोक्याकडं बघितलं.

"पागोटं माजं हाय ते," तो म्हणाला.

"ज्वारी निघंपतूर मिळायचं न्हाई," गोजरबाई म्हणाली आणि पाखरं राखायला रानाकडं निघाली.