फळ्यामागचं गुपित

सुखदा वर्गात दुसरी आली, तेव्हा तिच्या बाबांनी, जयंतने, एकच प्रश्न विचारला, "पहिली कोण?"

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये कौतुक फाइलसारखं अडकायचं. सुखदाने निकाल दप्तरात घातला. पुढे पुढे ती तो दाखवायलाच विसरू लागली.

जयंतचं तत्त्व पक्कं होतं. कौतुक लाखात एकाचंच व्हावं आणि तो एक म्हणजे जयंत. चौथीत हेमलताबाईंनी त्याला फळ्यामागे नेऊन सांगितलं होतं, "तू वेगळा आहेस. कोणाला सांगू नकोस, बाकीच्यांना वाईट वाटेल." एवढ्या पुंजीवर तो अवर सचिव झाला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याच बाई आता त्याच्याकडे मुक्कामाला आल्या. दिल्लीतल्या मराठी घरात पाहुणा आला, की आपण जिथे हरलो ती जागा त्याला दाखवायला नेतात. त्यामुळे रविवारी गाडी पानिपतला निघाली. सोबत सुखदा होती, आणि जयंतच्या चौथीच्या वर्गातला संग्राम. हा शाळेत पाटीवरची पेन्सिल खायचा, सध्या गुडगावात आयटीत आहे.

वाटेत ढाब्यावर पराठा मोडत संग्राम म्हणाला, "बाई, आता सांगूनच टाकतो यार. तुम्ही मला फळ्यामागे म्हणाला होतात, तू वेगळा आहेस. तेवढ्यावर निभावलं."

जयंतचा घास हातातच राहिला. त्याचं पानिपत ढाब्यावरच झालं.

"बाई, यालाही?"

"अख्ख्या वर्गाला," बाई लोणचं वाढून घेत म्हणाल्या. "शिपायालासुद्धा."

"म्हणजे फसवलंत मला! आणि मी इतकी वर्षं तोंड मिटून बसलो."

"सगळेच बसले. गुणी वर्ग होता."

"मग मी वेगळा नव्हतोच."

"होतास की. हा पेन्सिल खायचा, तू नाही." मग बाईंचा आवाज उतरला. "एकट्या तुलाच म्हटलं असतं, तर बाकीच्यांनी घरी काय न्यायचं होतं? त्यांना दिलं म्हणून तुझ्यातलं काही आटलं का? ते सोड. तू कोणाला दिलंस?"

सुखदा ताटाकडे बघत होती, कान मात्र इकडे होते. जयंतने बिल मागवलं.

पानिपतला पोचल्यावर त्याने तिला स्मारकाच्या मागे नेलं. "सुखदा, तू वेगळी आहेस. कोणाला..."

"पता है बाबा. आजींनी सकाळीच सांगितलं, फ्रिजमागे." ती थोडा वेळ चप्पल घासत राहिली. "पण तू परत सांग ना."

त्याने परत सांगितलं. पहिली कोण, हे त्याला आठवेना.

तेव्हा वाचकहो, कौतुक वाटून दिल्याने संपत नाही, दडवल्याने नासतं. घरी निकाल येईल तेव्हा पहिला कोण हे मागाहून विचारा. आधी मुलाला फ्रिजमागे न्या.