कोठ्यातली वाळू

यादोराव कोंढ्याहून पवनीला टांगा हाकायचा. त्याची राजी नावाची घोडी स्वभावाने इतकी गरीब, की म्हातारी माणसं एसटी सोडून त्याच्या टांग्याची वाट पाहत बसायची. लेकरांना एकटं पाठवायचं असलं तरी लोक त्याच्याच टांग्यात बसवून द्यायचे.

घोडीचा कोठा भय्याजी पाटलांच्या आवारात एका कोपऱ्याला होता. जागा देताना त्यांनी बजावलं होतं, "छप्पर टाक, खुंटा ठोक. पण फरशी नाही, सिमेंट नाही. मले जागा लागली का सारं उचलता आलं पायजे."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात कोठ्याची जमीन मुतानं आणि ओलीनं चिखल होऊन गेली. घोडीचे खूर मऊ पडले, त्यांना कुजका वास येऊ लागला. यादोरावनं भाताची तणस अंथरून पाहिली. घोडी निम्मी खाऊन टाकी, उरलेली कुजे. सेवकराम सुताराकडच्या जुन्या दारांच्या फळ्या टाकल्या, तर ओल्या फळीवरून घोडी घसरली आणि तिचा गुडघा सोलून निघाला.

"मुरूम टाकून पाहू," त्याची बायको रुखमा म्हणाली.

"मुरूम टोचते खुराले. वाळू टाकतो. मऊ राहते, ओल खाली जाते, आन् पाटलानं म्हटलं का घमेल्यानं उचलता येते."

दसऱ्यानंतर वैनगंगेचं पाणी उतरलं. यादोरावनं पवनीहून येताना रोज टांग्यात वाळूची पोती घातली आणि कोठ्यात वीतभर थर दिला. खूर सुकले. घोडी निवांत आडवी होऊन झोपू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं कोठा दाखवायचा.

त्याच सुमारास घोडीच्या तोंडाला बांधायचा चंदीचा तोबरा फाटला. आज शिवतो, उद्या शिवतो करत यादोराव चंदीचे चणे सरळ वाळूवरच ओतू लागला.

"वाळूवर काहून टाकता?" रुखमानं दोनदा टोकलं. "टोपलं ठेवा."

"टोपल्यात पाय घालते ते. ओठानं बराबर दाणा टिपते, तू पाहून घे."

ऐन थंडीत एका सकाळी घोडीनं चंदीला तोंड लावलं नाही. ती पुढच्या पायानं जमीन उकरायची, वळून स्वतःच्या पोटाकडे पाहायची, मग धाडकन अंग टाकून लोळायची. यादोराव सायकल हाणत पवनीला गेला आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं बादलीभर पाण्यात लीद कालवली, वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी मूठभर वाळू उरली.

"पोटात वाळू भरली आहे. दाणा खाली कोण टाकत होतं?"

आवारात निम्मं गाव जमलं होतं. भय्याजी पाटीलही उभे होते. यादोराव वाकून घोडीच्या गळ्यातला दोर सैल करू लागला.

"मी टाकत होती," रुखमा म्हणाली.

डॉक्टरनं नळीनं तेल पाजलं. दुपार कलायच्या आत घोडी गेली.

तेव्हापासून विहिरीवरच्या बाया रुखमाशी बोलेनाशा झाल्या. यादोरावच्या बायकोनं लक्ष्मीसारखी घोडी मारली, असं चहाच्या दुकानात लोक त्याच्यासमोर बोलायचे. तो खाली मान घालून चहा प्यायचा.

उन्हाळ्यात त्यानं दुसरं घोडं आणलं. लोक पुन्हा टांग्यात बसू लागले. एकदा पुष्पाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसताना म्हणाली, "यादोराव, बायकोले कोठ्यात पाय ठेवू देऊ नको बाबा."

"हो बाई," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी रुखमा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो तिच्याजवळ टेकला.

"त्या दिवशी तू काहून बोलली तसं?"

ती सुपातून वर न पाहता म्हणाली, "ज्याले सोताचं जनावर समजत नाही, त्याच्या टांग्यात लेकरं कोण बसवते? टांगा चालाले पायजे होता."

त्यानं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाला, "मी सांगतो लोकायले."

रुखमानं हात थांबवला. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टांगा भरून निघाला. सवाऱ्या पावसापाण्याचं बोलत होत्या. यादोराव पवनीपर्यंत काही बोलला नाही. परत येतानाही नाही.

सांगितलं का, असं रुखमानं त्याला कधी विचारलं नाही.