कॉलरवरचा बीटाचा रस

माझ्या धाकट्याची एक खोड आहे. जगाला शहाणपण शिकवील, पण स्वतःची चप्पल कुठे काढली ते बायकोला विचारील. आता त्याने सिनेमा काढलाय, भुतांचा. चौकीतले सगळे पोलीस रक्तपिशाच्च. काळ्या कातडीचा माणूस दिसला की खोट्या गुन्ह्यात आत घालतात आणि हप्ता म्हणून रक्त पितात.

"आई, हा वर्णभेदावरचा सिनेमा आहे," म्हणाला.

"असू दे बाबा. माझी इस्त्रीची टेबलं हलवू नकोस."

हलवलीच. आमच्या लाँड्रीच्या खिडक्यांना काळं कापड लावून भरदुपारी रात्र केली.

गोष्ट सुचली ती त्याच्या बायकोला, माझ्या सुनेला. नायिकाही तीच व्हायची होती. वर्षभर घड्या घालता घालता तिने संवाद घोकले. आणि ऐन वेळी याने समोरच्या पार्लरवालीची गोरी मुलगी आणून उभी केली. सुनेला दिलं प्रेताचं काम.

"हिच्या काळ्या रंगावर दिवे नीट पडत नाहीत गं," माझ्या कानात म्हणाला.

सून गुपचूप फरशीवर जाऊन निजली. मला मात्र इस्त्री न लागताच चटका बसला.

चौकीच्या खऱ्या वर्द्या आमच्याकडेच धुवायला येतात. त्यातल्याच पाच याने पिशाच्चांना चढवल्या, वर कॉलरला बीटाचा रस. तेवढ्यात हवालदार नेहमीसारखा मागच्या दाराने आला, फुकटात धुतलेली वर्दी न्यायला.

समोर पाच गोरे, सुळे लावलेले, अंगात त्याच्याच चौकीच्या वर्द्या. त्यांना ओलांडून हा थेट फरशीकडे. सुनेचा दंड धरून ओरडला, "ऊठ! वर्द्या चोरतेस?"

"साहेब, वर्द्या त्या सुळेवाल्यांच्या अंगात आहेत," मी म्हटलं. "हिच्या अंगात माझा जुना गाऊन आहे."

त्यावर कॅमेऱ्यामागून आमचं रत्न कुजबुजलं, "कोणी हलू नका! एकदम खरं वाटतंय!"

सुनेने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग हवालदाराकडे. "हात सोड. माझ्या आज्याला प्यायलात, बापाला प्यायलात. मला चावशील तर दात हातात येतील."

संवाद सिनेमातलाच, पण हवालदाराचा हात आपोआप सुटला. आणि दिवे? चांगले झगझगीत पडले होते तिच्यावर.

हवालदाराने एका पिशाच्चाच्या अंगातली आपली वर्दी ओळखली. "कॉलरला हे काय?"

"फुकटच्या धुलाईला असाच रंग चढतो, साहेब."

गेला पाय आपटत.

धाकटा टाळ्या पिटत आला. "आई, काय सीन झाला! आता हाच गोरीकडून करून घेतो!"

मी त्याच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढला.

"त्या पाचांना सुळे चिकटवावे लागले रे, तुला तर जन्मापासूनचे दिसतायत. नायिका ही. आणि प्रेताची जागा रिकामी झालीय. जा, आडवा हो."