कोरड्या वातीचे शंभर टक्के

मित्रांनो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना आर्द्रतामापी आहे. आणि मी रागावलेलो आहे.

माझा देह साधा. लाकडी फळीवर दोन तापमापक. एक उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला सुती वात गुंडाळलेली, तिचे टोक पाण्याच्या डबीत. हवा कोरडी असली की वातीतले पाणी भरभर उडते, तो तापमापक गार पडतो आणि दोघांच्या आकड्यांत अंतर पडते. त्या अंतरावरून तक्त्यात आर्द्रता सापडते. 'आर्द्रता' कुणीही म्हणेल. त्या शब्दाला अर्थ देते ती ओली वात.

मागांची देखभाल करणारे कल्लप्पा जॉबर होते तोवर रोज सकाळी डबी भरत, वात धूत. मला बघूनच, सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून, हवेत पाण्याचे फवारे सुरू होत. ते निवृत्त झाले आणि डबीत कोळ्याने घर केले. वात सुकली. दोन्ही आकडे सारखेच दिसू लागले. अंतर शून्य, म्हणजे तक्त्याप्रमाणे आर्द्रता शंभर टक्के! सुपरवायझर विरुपाक्ष डोळे मिटून तेच वहीत लिही. सोलापुरात, भर मे महिन्यात!

मग हवा ओलीच आहे म्हणून फवारे बंद झाले. सूत कोरडे पडले आणि विणकर धोंडप्पाच्या मागावर तटातट तुटू लागले.

"हात बिघडला तुजा," विरुपाक्ष म्हणाला. "उद्यापास्नं येऊ नको."

"साहेब, बावीस वर्सं माग चालवतोय. हवाच कोरडी हाय."

"वहीत शंभर टक्के हाय. तू लई शिकलास व्हय?"

माझ्या नावावर एका माणसाची भाकरी जात होती. मला तोंड असते तर ओरडलो असतो!

शेजारी सुताच्या कांड्या भरणारी सुंदरम्मा फणकाऱ्याने उठली. "शंभर टक्के हाय, तर कपाळावरचा घाम वाळतोय कसा? त्या भिंतीवरच्या मापाची वात बगितली का कदी? शेवयीवानी कडक झालीया." तिने आपल्या बाटलीतले पाणी डबीत ओतले, वात भिजवली. "दहा मिन्टं थांबा की. माणूस काढायची लई घाई तुमाला!"

वातीच्या तापमापकाचा आकडा उतरू लागला. अडतीस अंशांचा चोवीस झाला. तक्त्यात आर्द्रता निघाली तीस टक्के.

विरुपाक्षने फवारे सोडले. धोंडप्पा मागाकडे वळला. माफी कुणी मागितली नाही. वहीतले खोटे शंभरही कुणी खोडले नाहीत.

मित्रांनो, शाळेत तुम्ही मोठमोठे शब्द पाठ कराल. ते कशाने मोजतात, हे आधी विचारा. मोजणाऱ्याची निगा राखा. आणि ज्याची वात हाताने चाचपली नाही, त्याचा आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नका.