निळं मेण

प्रतापरावांनी गॅरेजमधल्या टेबलावर हिमानीच्या नव्या स्की उलट्या ठेवल्या आणि इस्त्री तापायला लावली. बावीस वर्षांनी ते या कामाला हात लावत होते.

हिमानी आदल्याच दिवशी अमेरिकेतल्याच हर्नडन गावाहून ॲन आर्बरला माहेरी आली होती. रविवारी वर उत्तरेला तिची स्कीची रेस होती. "बाबा, स्कीला मेण तूच लावायचं," ती म्हणाली. त्यांनी आढेवेढे घेतले, मेण लावून देणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला. ती ऐकेना.

पूर्वी दर शुक्रवारी हेच चाले. नागपुरात वाढलेल्या प्रतापरावांनी सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ पाहिला, पण लेक शाळेच्या टीममध्ये गेली तशी त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणून ही विद्या शिकून घेतली. स्की सहज घसरावी म्हणून तापल्या इस्त्रीला मेणाची वडी टेकवायची, स्कीवर थेंब पाडायचे, ते पसरायचे, गार झाले की खरवडून ब्रश मारायचा. पायाखालच्या भागाला मात्र, चढावर स्की मागे घसरू नये म्हणून, बर्फ धरणारं वेगळं मेण. हिमानी पालथ्या बादलीवर बसून इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचायची. गॅरेजभर विझलेल्या मेणबत्तीसारखा वास असायचा.

मग ती राज्य स्पर्धा आली. पायाखाली त्यांनी कोरड्या, थंड बर्फासाठीचं निळं मेण लावलं होतं. पहिल्या फेरीत हिमानी दुसरी होती. दुसऱ्या फेरीत तिच्या स्कीखाली बर्फाचे गोळे धरू लागले आणि पोर अक्षरशः चालत, एकतिसावी आली. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. आपण चुकीचं मेण लावलं, हे प्रतापरावांच्या मनानं घेतलं. पुढच्या वर्षीपासून तिच्या स्की कोच बघू लागला.

"या वेळी फजिती झाली, तर मला बोल लावायचा नाही हं," मेण खरवडता खरवडता ते म्हणाले.

हिमानीनं हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तेव्हाही चूक तुझी नव्हती."

"म्हणजे?"

"स्टार्टच्या आधी बाकीच्या मुली ओल्या बर्फासाठीचं ते चिकट मेण लावत होत्या. मी घाबरले. तुझ्या मेणावर तेच फासलं. पहिल्या फेरीनंतर ताजा बर्फ पडायला लागला आणि त्या मेणाला चिकटत गेला. तुला दिसू नये म्हणून स्की मीच पुसून ठेवल्या."

प्रतापरावांचा हात थांबला.

"बावीस वर्षं, हिमानी!"

"सोळा वर्षांची होते रे. वाटलं, तू विसरला असशील."

"मी विसरलो नाही. मी हे सगळं सोडून दिलं."

तिचे डोळे भरून आले. "रागावलास?"

"हो," ते म्हणाले. आणि हात पुढे करून, "ती दुसरी स्की दे इकडे."

रविवारी थंडी कोरडी होती. प्रतापरावांनी मूठभर बर्फ दाबून पाहिला आणि निळं मेणच लावलं. हिमानीनं या वेळी त्यावर दुसरं काही फासलं नाही.

ते चढावर जाऊन उभे राहिले. इथेच माणसं घसरत होती, धापा टाकत होती. तेवढ्यात हिमानी आली. तिची स्की दर पावलाला बर्फ घट्ट धरत होती.

"चल, चल, हिमे, चल!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले.

शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई उभी होती. शब्दाचा अर्थ तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण तीही हातमोजे आपटत ओरडू लागली, "चल! चल!"